घाटाखालचं ऊन आणि इन्शुलिनची बाटली

शेगावच्या गजानन महाराज संस्थानची पालखी पंढरपूरला निघते ती मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी, आषाढी जशी पुढेमागे येईल तशी. म्हणजे वऱ्हाडातला उन्हाळा अजून सरलेला नसतो. पाऊस लांबला तर अकोल्यापर्यंतची वाट रणरणत्या उन्हातच तुडवायची. पुढे परभणी, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा अशी महिनाभराची, सातशेहून अधिक किलोमीटरची पायी वारी. पालखीबरोबर आणि पालखीच्या मागे-पुढे चालणाऱ्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं पुष्कळ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा वारीला निघालेल्या माणसाच्या पिशवीत पंचा, टाळ आणि गोळ्यांच्या पाकिटांबरोबर कधीकधी इन्शुलिनची बाटलीही असणार, हे ओघानंच आलं. या बाटलीचं उन्हात काय होतं आणि तिला कसं जपावं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रश्न फक्त वारकऱ्यांचा नाही. मे महिना हा लग्नांचा. सैलानीची यात्रा होळीच्या सुमारास, ऊन तापायला लागतं तेव्हा भरते. चिखली-मेहकरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला पोरांकडे जाणारे आई-वडील वर्षभर ये-जा करत असतात. यांतल्या प्रत्येकाला मेडिकलवाला बाटली हातात देताना एकच वाक्य सांगतो : ‘फ्रीजात ठेवजा.’ सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. प्रवासात फ्रीज नसतो, म्हणून काही जण बाटली घरीच ठेवून जातात आणि दोन-चार दिवस सुई चुकवतात; काही जण ती थेट बर्फात घालून नेतात; काही जण प्रवासच टाळतात. पहिल्यानं जीव धोक्यात येतो, दुसऱ्यानं औषध बाद होतं, आणि तिसऱ्यानं माणूस विनाकारण घरात कोंडला जातो. माझ्या मते तिन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी लागणारं ज्ञान आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आधीपासूनच आहे. फक्त ते इन्शुलिनपर्यंत पोचलेलं नाही.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग इथला प्रत्येक माणूस बोलता बोलता करतो : घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे तालुके घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्यातले घाटाखाली. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की खिडकीतून येणारा वारा बदलतो, हे एसटीतल्या लहान पोरालाही कळतं. साधारण चारशे मीटरची उतरण, आणि पाऱ्यात दोन-चार अंशांची चढण. मे महिन्यात घाटाखाली ४४ अंशांच्या पुढचं तापमान नवलाचं नसतं. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मुंबईकडे वा नागपूरकडे जाणारा माणूस मलकापूर, नांदुरा किंवा शेगावला येऊन गाडी पकडतो. म्हणजे घाटावरच्या माणसालाही प्रवासाला निघताना घाटाखालचं ऊन चुकत नाही.

आता त्या बाटलीत असतं काय, ते पाहू. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला. तोवर ज्या आजारात मुलं वर्ष-दोन वर्षांत जात, त्या आजाराला उतारा मिळाला. शोधाचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिलं गेलं. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, तोच आज जागतिक मधुमेह दिन आहे. दिवाळीच्या आसपासच येतो.

इन्शुलिन हे प्रथिन आहे. ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, एक २१ ची आणि दुसरी ३० ची, गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या. फ्रेडरिक सँगर यांनी हा क्रम उलगडला म्हणून त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं. डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ मध्ये त्याची त्रिमिती घडण दाखवली. या घडणीतच सगळी मेख आहे. साखळ्या विशिष्ट प्रकारे दुमडलेल्या असतात तोवरच शरीर त्यांना ओळखतं. उष्णता वाढली की ही दुमड सैल होते, रेणू एकमेकांना चिकटू लागतात आणि त्यांचे बारीक तंतू बनतात. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं, त्याच जातीचा हा बदल आहे, आणि तसाच तो उलट फिरवता येत नाही. त्यात बाटली हिंदकळत राहिली तर तंतू आणखी लवकर बनतात, कारण द्रव आणि हवा जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर रेणू उलगडतात. भर उन्हात उभ्या दुचाकीची डिक्की आणि खडबडीत रस्ता ही जोडी इन्शुलिनला सर्वांत वाईट का, ते यावरून समजेल.

बर्फाचा मार्ग वेगळा, पण शेवट तोच. पाणी गोठताना स्फटिक बनतात आणि औषध उरलेल्या द्रवात दाटून येतं. पांढुरक्या, गढूळ दिसणाऱ्या इन्शुलिनमध्ये, म्हणजे ३०-७० च्या मिश्रणात किंवा एनपीएचमध्ये, मुळातच कण तरंगत असतात. गोठल्यावर त्यांच्या गुठळ्या होतात आणि मग ढवळूनही ते एकसारखे मिसळत नाहीत. एका सुईत जास्त औषध जातं, दुसरीत कमी. म्हणून गोठलेलं इन्शुलिन वितळून पुन्हा नितळ दिसलं तरी वापरायचं नाही. ते फेकायचं.

बाटलीच्या खोक्यावर २ ते ८ अंश सेल्सियस असं छापलेलं असतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ती सूचना न उघडलेल्या, महिनोन्‌महिने साठवायच्या बाटलीसाठी आहे. एकदा बूच टोचलं, पेन वापरायला घेतलं, की २५ किंवा ३० अंशांखाली, कंपनीगणिक साधारण चार ते सहा आठवडे, ते फ्रीजबाहेर चालतं. काही नवी इन्शुलिनं आठ आठवडेही टिकतात. चालू पेन फ्रीजमध्ये ठेवूच नये असं बहुतेक कंपन्या सांगतात. अंगाच्या मानानं फार थंड औषध टोचताना झोंबतं, हेही घेणाऱ्यांना माहीत असतं. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहून ठेवली तर बरंचसं काम झालं.

पण ३० अंश म्हणजे शेगावला मे महिन्यात मध्यरात्रीसुद्धा मिळेलच असं नाही. मग?

इथे जगभरातल्या संशोधकांनी काय शोधलं ते पाहण्यासारखं आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतला २००९ मधला अभ्यास सांगतो की ३२ आणि ३७ अंशांना चार आठवडे ठेवलेल्या इन्शुलिनची ताकद १४ ते १८ टक्क्यांनी घटली. हे आपल्याकडचं संशोधन, आणि चिंता वाढवणारं. त्यानंतर २०२१ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी वेगळा प्रश्न विचारला. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत घरांमधलं तापमान त्यांनी मोजलं. रात्री २५, दिवसा ३७ अंश असं ते वरखाली होत होतं. प्रयोगशाळेत हाच चढउतार चार आठवडे घडवून त्यांनी इन्शुलिन तपासलं, तेव्हा ताकदीतली घट एक टक्क्याहून जास्त नव्हती. फ्रीजमधल्या इन्शुलिनशी तुलना करता फरक नव्हताच म्हणा ना. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं उपलब्ध पुरावा एकत्र करून मानवी इन्शुलिनबद्दल निष्कर्ष काढला : न उघडलेली बाटली २५ अंशांना सहा महिने आणि ३७ अंशांना दोन महिने ठेवली तरी उपचाराला बाधा येईल अशी घट होत नाही.

हे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असं वाटेल. पद्धती निराळ्या आहेत; एकीकडे तापमान सतत चढलेलं, दुसरीकडे रात्री उतरणारं. मला त्यांतून उमगतं ते असं : ३७ अंशांपर्यंतची ऊब काही आठवडे सोसण्याची ताकद इन्शुलिनमध्ये बऱ्यापैकी आहे. म्हणून फ्रीज नाही या कारणानं सुई चुकवणं हा सर्वांत घातक पर्याय ठरतो, विशेषतः टाइप-१ च्या मुलांसाठी, ज्यांच्या शरीरात स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ नसतंच. थोडं उबलेलं इन्शुलिन हे न घेतलेल्या इन्शुलिनपेक्षा कितीतरी बरं. मात्र यांतला एकही अभ्यास ४४ अंशांच्या पत्र्याच्या खोलीला किंवा बंद मोटारीला माफी देत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या आत पारा साठीच्या पुढे जाऊ शकतो. आपलं काम त्यामुळे नेमकं ठरतं. बाटली ८ अंशांवर आणायची नाही. ती तिशीच्या आसपास आणि पस्तिशीच्या खाली ठेवायची आहे. एवढ्यासाठी वीज लागत नाही.

माठ लागतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला लागणाऱ्या उष्णतेच्या सातपटींहूनही ती जास्त आहे. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी उडून जाताना ही उष्णता माठातून आणि आतल्या वस्तूतून ओढून घेतं. हवा जितकी कोरडी तितकी ओढ जोरात. मे महिन्यात दुपारी ४२ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा २२ अंशांपर्यंत उतरू शकतो. घरचा माठ इतक्या खाली जात नाही, पण २६-२८ अंशांपर्यंत जातो, आणि आपल्याला हवं ते एवढंच. वाळ्याचे ताटे लावलेला कूलर वऱ्हाडात घरोघर चालतो तो याच हिशोबावर. दमट मुंबईत तो कूलर कुचकामी ठरतो, हे मुंबईला गेलेल्या प्रत्येक वऱ्हाडी माणसानं अनुभवलेलं असतं.

इन्शुलिनसाठी माठाची मांडणी अशी करतात. मोठ्या माठात किंवा कुंडीत बोटभर जाड वाळूचा थर घालायचा, त्यावर लहान मडकं ठेवायचं आणि दोहोंमधली फट वाळूनं भरायची. वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्यानं भिजवायची. आतल्या मडक्यात पाणी नाही. त्यात झाकणाची कोरडी स्टीलची डबी आणि डबीत बाटली. बाटलीला पाणी लागता कामा नये, नाहीतर लेबल सुटतं, तारीख पुसते आणि बुचाशी घाण साचते. मडक्यावर ओलं सुती फडकं टाकायचं आणि सगळं सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवायचं. बंद कपाटात ठेवलं तर उडालेली वाफ तिथेच कोंडते आणि गारवा येत नाही. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा यांनी हीच दुहेरी मडक्याची रचना भाजीपाला टिकवण्यासाठी गावोगाव नेली आणि त्याबद्दल त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. गुजरातेत वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी मातीचा ‘मिट्टीकूल’ फ्रीज बनवला. ग्रॅहम ओगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या मातीच्या भांड्यांची इन्शुलिनसाठी चाचणी घेतली, तेव्हा उष्ण, कोरड्या हवेत ती चांगली उतरली. आपल्या कुंभाराला हे शास्त्र नवं नाही. इन्शुलिन नवं आहे.

वाटेवर माठ नेता येत नाही, पण तत्त्व नेता येतं. परदेशी बनावटीच्या खास पिशव्या मिळतात. त्यांच्या अस्तरात पाणी शोषून फुगणारे दाणे असतात. पिशवी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवली की ती दिवस-दोन दिवस हळूहळू सुकत राहते आणि बाटलीला गारवा देते. अशी पिशवी नसेल तर स्टीलची छोटी डबी, तिच्याभोवती ओलं सुती फडकं किंवा दस्ती, आणि वरून कापडी पिशवी. पिशवी खांद्याला बाहेरच्या बाजूनं लटकवायची, वारा लागला पाहिजे. दोन-तीन तासांनी फडकं भिजवायचं. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे हे सगळं वर पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत बांधणं. विकतच्या महागड्या पिशवीचंही तसं केलं की तिचं काम तिथेच थांबतं.

पावसाळ्यात हा उपाय मंदावतो. पालखी परतीला लागते तेव्हा जालना, सिंदखेड राजा, मेहकरकडून खामगावकडे येताना हवा भिजलेली असते. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं फडकं फार तर २८ अंशांपर्यंत उतरतं. पण तेव्हा हवाच तिशीची असते, त्यामुळे काळजीचं कारण उरत नाही. त्या दिवसांत बाटलीला जपायचं ते भिजण्यापासून.

थर्मासचाही उपयोग होतो, आणि तो पुष्कळांना सुचत नाही. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्यावा. निघण्याआधी त्यात फ्रीजचं पाणी भरून अर्धा तास ठेवावं, मग ओतून आतून कोरडा पुसावा आणि फ्रीजमधली बाटली फडक्यात गुंडाळून आत घालावी. बर्फ नाही, पाणी नाही. मलकापूरहून मुंबईपर्यंतचा प्रवास एवढ्यावर आरामात निभावतो.

आता बर्फ. मेडिकलवाला लांबच्या गावाहून आलेल्या गिऱ्हाइकाला बाटली देताना कधीकधी प्रेमानं पिशवीत बर्फाचे खडे घालून देतो. हेतू चांगला, परिणाम उलटा. बर्फाला चिकटलेली बाटली गोठू शकते, आणि मग उन्हानं व्हायचं नुकसान बर्फ तासाभरात करून टाकतो. घरचा फ्रीजही या बाबतीत निर्दोष नाही. खेड्यांत एकदारी फ्रीज जास्त. त्यात फ्रीझरच्या लगेच खालचा ट्रे आणि मागची भिंत या गोठण्याच्या जागा. बर्लिनच्या संशोधकांनी युरोप-अमेरिकेतल्या घरगुती फ्रीजमध्ये इन्शुलिनशेजारी तापमापक ठेवून नोंदी घेतल्या आणि २०१८ मध्ये त्या मांडल्या. बहुतेक नोंदींत तापमान कधी ना कधी मर्यादेबाहेर गेलेलं आढळलं, आणि काहींत शून्याच्याही खाली. बाटली दाराच्या कप्प्यात किंवा मधल्या फळीवर पुढच्या बाजूला, खोक्यातच ठेवावी.

बर्फ वापरायचाच असेल तर तो कसा वापरावा, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला ठाऊक आहे. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर जाणारा व्हॅक्सिन कॅरियर आपण पाहिलेला असतो : खांद्याला अडकवायचा पट्टा, जाड झाकण, आत चार बाजूंना चार आइस पॅक आणि मध्ये लसी. डीप फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक सिस्टर लगेच आत घालत नाही. ती तो बाहेर ठेवते. आधी त्यावर पांढरा बर्फाचा थर असतो, मग तो जाऊन पृष्ठभागावर घाम सुटल्यासारखे थेंब येतात. मग ती पॅक उचलून कानाशी हलवते. आत पाणी खुळखुळलं की पॅक तयार झाला; म्हणजे त्याचं तापमान शून्यावर स्थिरावलं, तो आता लस गोठवणार नाही. याला ‘कंडिशनिंग’ म्हणतात. पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस-बी, धनुर्वात या लसी गोठल्या की बाद होतात, म्हणून ही शिस्त. लस गोठून गेली असेल अशी शंका आली तर ‘शेक टेस्ट’ करतात : मुद्दाम गोठवून वितळवलेली एक बाटली आणि संशयातली दुसरी, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या आणि गाळ कोणत्या वेगानं बसतो ते पाहायचं.

इन्शुलिन याच जातीचं औषध आहे. तेही गोठून बिघडतं आणि उन्हानंही. पण लसीकरणाच्या यंत्रणेतली ही शिस्त शुगरच्या रुग्णाला कोणी शिकवत नाही. पोलिओच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. उष्णता जितकी साठेल तितका तो गडद होत जातो आणि सिस्टर एका नजरेत ठरवते की डोस द्यायचा की टाकायचा. इन्शुलिनच्या बाटलीवर असं काही नसतं. रोज स्वतःच्या पोटात सुई टोचणाऱ्या माणसाला ही एक सोयही मिळू नये, याची मला खरोखर खंत वाटते. तोवर खूण डोळ्यांनीच ओळखायची. नितळ इन्शुलिन गढूळ झालं, त्यात धागे दिसले किंवा ते पिवळसर पडलं तर बाद. मुळात पांढुरकं इन्शुलिन तळहातात हलक्या हातानं दहा वेळा घोळवूनही एकसारखं झालं नाही, तळाशी गुठळी राहिली किंवा काचेला आतून तुषारासारखे कण चिकटले तर तेही बाद. पण ताकद थोडी कमी झालेलं इन्शुलिन दिसायला नेहमीसारखंच असतं. ते फक्त ग्लुकोमीटरवर कळतं : जेवण तेच, डोस तोच, आणि आकडे मात्र दोन-तीन दिवस चढेच. मग बाटली बदलायची.

ग्लुकोमीटरलाही ऊन लागतं, हे विसरू नये. पट्ट्यांची डबी साधारण ३० अंशांखाली आणि घट्ट बंद ठेवायची असते. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी खोटा आकडा देते. ४० अंशांच्या पुढे बरेचसे मीटर चालायला नकार देतात. मोजणी सावलीत, मीटर थोडा वेळ थंड होऊ देऊन करावी.

वाहनांबद्दल थोडक्यात. एसटीत वरच्या फळीवर पिशवी टाकू नये, टप तापलेला असतो. ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बाजूलाही नको. ट्रॅव्हल्सच्या खालच्या डिक्कीत बॅग गेली तर इन्शुलिन तिच्यात नसावं. मोटारीत डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली कधीच नाही. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा या भागांतून जातो आणि जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. त्यावर सावलीची झाडं शोधूनही सापडत नाहीत. गाडी बंद पडली आणि माणसं उतरली तर बाटलीही उतरवावी. स्कूटीच्या डिक्कीबद्दल वर सांगितलंच. पेन नेताना सुई काढून ठेवावी; सुई लावलेली असेल तर उन्हानं औषध पसरून गळतं आणि थंडीत हवा आत ओढली जाते, मग डोस चुकतो.

इन्शुलिन सांभाळलं तरी शरीर तेच राहत नाही. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाचे स्नायू साखर ओढून घेतात, आणि उन्हानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून टोचलेलं औषध लवकर भिनतं. दोन्हींमुळे साखर एकदम खाली येऊ शकते. त्यात एकादशीचा उपास. वारीआधी डॉक्टरांना भेटून चालण्याच्या दिवसांचा आणि उपासाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून घ्यावा. स्वतःच्या मनानं तो बदलू नये. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी. कचोरी शेगावची असली तरी ती या वेळी कामाची नाही. तेलानं साखर चढायला वेळ लागतो. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी खूप आहेत. मूत्रपिंड थकलेलं असेल तर इन्शुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून तिथल्या रुग्णांनी या बाबतीत दुप्पट सावध राहावं. सोबतच्या दिंडीकऱ्यांना आपल्याला शुगर आहे हे सांगून ठेवावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की तो फेडू नये. मधुमेहानं बधिर झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही.

चारधामला जाणाऱ्यांचा प्रश्न नेमका उलटा. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर. तिथे रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो, आणि बाहेरच्या बॅगेत ठेवलेली बाटली सकाळपर्यंत गोठलेली सापडेल. तिथे इन्शुलिन अंगालगत, आतल्या खिशात ठेवावं आणि झोपताना पांघरुणात घ्यावं. विमानातही तेच. सामान ठेवण्याच्या खालच्या कप्प्यात फार थंडी असू शकते, म्हणून इन्शुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

पुणे-मुंबईच काय, अमेरिका-इंग्लंडात पोरांकडे जाणारे आई-वडीलही आता घाटावरच्या गावांत भेटतात. त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. आपल्याकडच्या स्वस्त बाटल्यांत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात. त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनमध्ये आणि परदेशातल्या नेहमीच्या बाटल्यांत दर मिलिलिटरला १०० युनिट. त्यांच्यासाठी नारिंगी टोपणाची. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर २० युनिटांऐवजी ५० युनिट शरीरात जातात. उलट गल्लत झाली तर २० ऐवजी फक्त ८. परमुलखात बाटली फुटली आणि तिथल्या दुकानातून नवी घेतली तर सिरिंजही त्याच ताकदीची घ्यावी. जिल्ह्याबाहेरच्या मेडिकलमध्येसुद्धा बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा स्वतः वाचून पाहावा.

आरोग्य खात्याला आणि वारीची व्यवस्था पाहणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. पालखीच्या मुक्कामांवर पाण्याचे माठ मांडले जातातच. त्यांच्याशेजारी वाळूतलं एक दुहेरी मडकं औषधांसाठी ठेवता येईल, नाव लिहिलेल्या डब्यांसह, एका जबाबदार माणसाच्या नजरेखाली. खर्च जवळपास शून्य. निघण्याआधीच्या आठवड्यात शेगाव, खामगाव, नांदुऱ्याच्या आरोग्य केंद्रांत तासाभराचं शिबिर घेऊन लसीकरणाच्या सिस्टरनी वारकऱ्यांना आइस पॅक कानाशी हलवून दाखवावा. महागडी यंत्रणा उभारायची गरज नाही; जी आहे ती एका आजाराकडून दुसऱ्याकडे वळवायची आहे.

तोवर ज्याला निघायचंय त्यानं दोन बाटल्या घ्याव्यात, दोन्ही एकाच ताकदीच्या, आणि त्या एकाच पिशवीत ठेवू नयेत. एक आपल्याजवळ ओल्या फडक्यात, दुसरी सोबत चालणाऱ्याच्या पिशवीत तशाच ओल्या फडक्यात. सिरिंज आणि पट्ट्याही अशाच वाटून घ्याव्यात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत दोघांकडेही असावी.